आईच्या गाण्यांचं गाठोडं आणि दावाओचा पाहुणा

मी, रोसेंदा माग्बानुआ, निवृत्त संगणक-व्यवस्थापक, राहणार हारो, इलोइलो, गुडघे सोडून सर्वांगाने धडधाकट आणि पूर्ण शुद्धीत असून, कुणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मिळकतीची ही व्यवस्था लावत आहे.

घर माझ्या पश्चात पती क्रिसांतो यास, त्याच्यानंतर भाची लुझविमिंदा हिला मिळावे. बँकेतली बचतही तिचीच. ती तिने हौसेवर उडवावी. चुलतभाऊ पोल्दो याने कुंपण सरकवून बळकावलेली जमीन त्यालाच राहू द्यावी. मात्र आमच्या झाडाचं एकही सांतोल त्याला देऊ नये.

माझी सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे दिवंगत आईच्या आवाजातल्या भातलावणीच्या गाण्यांचं ‘टार’ गाठोडं: सगळ्या फायली एकत्र बांधलेली एकच फाइल. कॉलेजचं युनिक्स प्रणालीवर चालणारं जुनं संगणक-यंत्र मोडीत निघालं, तेव्हा मी ती बांधली. एक प्रत जपून ठेवाल का, असं मी विचारल्यावर दावाओच्या कॉलेजात माझ्यासारखंच काम करणाऱ्या क्रिसांतोने कळवलं, "बाई, आमचं युनिक्स वेगळं. तुमचं गाठोडं इथं उघडायचं नाही."

"मग या आणि माझ्यासमोर उघडून बघा," मी कळवलं.

मी सर्व यंत्रांना कळणारी जुनी प्रमाण बांधणी वापरली होती. फायलींची नावं आखूड, साध्या रोमन अक्षरांतली. नुसत्या लहान-मोठ्या अक्षरांनी वेगळी अशी दोन नावं नाहीत, कारण काही यंत्रं ती एकच समजून एक फाइल दुसरीवर लिहितात.

पठ्ठ्या खरंच बोटीने आला, यंत्र टॉवेलात गुंडाळून. गाठोडं उघडलं. आई गाऊ लागली आणि मध्येच ओरडली, "अगं, डुकरीण भातात शिरली!" क्रिसांतो हसून हसून खुर्चीवरून घसरला. मी हसतही होते, रडतही होते. "परत लावू?" त्याने हळूच विचारलं. संध्याकाळपर्यंत तेच ऐकत बसलो. त्याची परतीची बोट चुकली. चुकली की चुकवली, हे तो लग्नानंतरही सांगत नाही.

लुझविमिंदा, हे गाठोडं तुझं. घरात नवं यंत्र आलं की त्यावर उघडून बघ, प्रती भावंडांना दे. एकाच जातीच्या यंत्राला कळणारी नवी बांधणी क्रिसांतो सुचवेल. ऐकू नकोस.

लाभार्थी साक्षीदार नसावा म्हणून क्रिसांतोची सही घेतलेली नाही. तो रुसून, मला लाडाने हाक मारत म्हणतो, "मला काही मिळायची घाई नाही, इंदाय." मलाही नाही. रविवारी आम्हाला बाटचॉय खायला जायचं आहे.

साक्षीदार: नेनिता दुरेझा, एस्तानिस्लाओ गुंबान, फेलिसिदाद होकसोन
सही: रोसेंदा माग्बानुआ
हारो, इलोइलो, ४ मे २०१९