वामांच्या पिंपातले चार सेकंद

युएन लाँग, हाँगकाँग,
५ फेब्रुवारी २००५

आदरणीय क्वोक काका,

नमस्कार. गुडघा कसा आहे? चौथा मजला चढताना अजूनही मधे थांबून पेपर वाचल्याचं नाटक करता का?

माझं बरं चाललंय. चहाच्या हॉटेलात कपबश्या विसळण्यावरून शेगडीवर बढती झाली. लांब कापडी गाळणीतून चहा सहादा उंचावरून ओततो. मालकीणबाई म्हणतात, "प्रेमात पडलेल्याच्या हातचा चहा कडूच उतरतो. दूध वाढव!" मी उलटून बोलत नाही. खरंच.

परवा टीव्हीवर जाहिरात लागली. आपला बदकवाला सिनेमा, चिनी नववर्षाच्या चौथ्या दिवशी, दुपारी तीनला. नवरदेव बदक काखोटीला मारून पळत सुटला आणि मी शेगडी सोडून टीव्हीसमोर जाऊन उभा राहिलो.

तो पहिल्यांदा टीव्हीवर लागला तेव्हा मी सहा वर्षांचा. आपली समोरासमोरची दारं सताड उघडी, तुमच्याकडे जमिनीवर मी आणि मान-लिंग, मधे खरबुजाच्या बिया. बाजाराचा प्रसंग जवळ आला की काकू आधीच हसत सुटायच्या. मग नवरदेव धडकायचा आणि मासेवाला, म्हणजे तुम्ही, टोपीसकट वाम माशांच्या पिंपात उताणा. चार सेकंद! अख्खा मजला ओरडायचा, "क्वोक पडला!" तुम्ही उठून सगळ्यांना वाकून नमस्कार करायचात. सुट्टीच्या दिवशी एक बस ड्रायव्हर शूटिंगला जाऊन अकरा वेळा पिंपात पडून घरी येतो आणि बायको वास येतो म्हणून त्याला दाराबाहेर ताटकळत ठेवते, हा तर सिनेमाहून मोठा सिनेमा.

काकू गेल्यानंतरही तुम्ही तो लावलात. त्या हसायच्या तिथे आपण तिघंही गप्प झालो होतो, आठवतं?

इतकं लिहून झालं, पण ज्यासाठी कागद घेतला ते अजून आलंच नाही.

गेल्या वर्षी मी नववर्षाच्या तिसऱ्या दिवशी तुमच्या दारात आलो. त्या दिवशी कुणी कुणाकडे जात नाही, तोंडं तापलेली असतात म्हणे, भांडण ठरलेलं. मला वाटलं, म्हाताऱ्यांची खुळं. आदल्याच महिन्यात कॉलेज सोडलं होतं, आणि तेच तुम्हाला माझ्या तोंडून कळावं म्हणून आलो होतो.

तुम्ही एवढंच म्हणालात, "आज कशाला आलास रे? उद्या ये, शांतपणे बोलू."

त्यावर मी काय बोललो ते लिहायची लाज वाटते. पण लिहितो. "मला काय शिकवता? तुम्ही तरी जन्मात काय केलंत? चार सेकंद पिंपात पडलात!"

तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही दार हळूच लावलंत.

मान-लिंगने परवा फोनवर सांगितलं, "बाबा आता बाजाराचा सीन आला की चहा टाकायला उठतात. सीन संपला की परत येतात." पुढे म्हणाली, "तू त्यांच्याशी बोलल्याशिवाय मला भेटू नकोस." तिचं नाव या पत्रात काढायचं नाही असं ठरवलं होतं. दोनदा आलं.

पण हे पत्र तिच्यासाठी नाही, काका. तिच्याबद्दल काही मागतही नाही. ते चार सेकंद मी तुमच्याकडून हिसकावले, ते परत करायला यायचंय. काकू ज्याला बघून हसायच्या तो माणूस तुम्ही आहात. जन्मात एवढं केलेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

यंदा तिसऱ्या दिवशी इथेच खोलीत बसेन, कोंडून घेऊन. चौथ्या दिवशी पावणेतीनला दारात असेन. आत घ्यायचं नसेल तर आतलं दार तेवढं उघडं ठेवा, मी बाहेरूनच जाळीच्या दारातून बघेन. वास येत नसला तरी मी तिथंच शोभतो.

फक्त बाजाराचा सीन आला की उठू नका. चहा मी थर्मासमधून आणतोय.

"क्वोक पडला" असं ओरडायला आसुसलेला,
समोरच्या घरातला
हो-यिन