प्लेटवरचा हात

१४ मार्च, रविवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि कालपर्यंत ते माझ्यावर. तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला. मी अंपायरिंग सोडलं. डोळ्यांचं कारण दिलं. डोळे ठणठणीत आहेत.

सहा वर्षांपूर्वीच्या बेसबॉल फायनलबद्दल लिहायचं होतं. नियम तुला पाठ आहेत, तरी लिहितो, म्हणजे मला पळवाट राहणार नाही.

शेवटची इनिंग, दोन आउट. तू घसरत आलास आणि जिला शिवल्याशिवाय धाव होत नाही ती होम प्लेट शिवायची राहिली. मला दिसलं, पण समोरच्यांनी दाद मागितल्याशिवाय अंपायरने तोंड उघडायचं नसतं. तुझं तुलाच कळलं, तू मागे वळलास. राहिलेली प्लेट परत येऊन शिवता येते, पण मागून धावत येणाऱ्या आपल्याच गड्याने शिवायच्या आत. तो दोन पावलांवर होता. तू हात टाकलास, त्याचा पाय पडला. समोरच्यांच्या कॅचरने, प्लेटमागे उभ्या गड्याने, दाद मागितली, मी तुला आउट दिलं. तिसऱ्या आउटला डाव संपतो, म्हणून त्याचीही धाव गेली आणि सामनाही.

सामन्याआधी तोच कॅचर मला ऐकू जाईल असं म्हणाला होता, "आज काय बाबा, घरचाच अंपायर!" ते डोक्यात बसलं होतं. जोडीदार अंपायरने बाजूला घेऊन विचारलं, "नक्की ना? अजून बदलता येईल." मी म्हणालो, "नक्की."

घरी येताना तू उलट माझीच माफी मागितलीस. "दादा, माझ्यामुळे तुझी पंचाईत झाली." बाबा तुला ऊठसूट धांदरट म्हणू लागले. मी मान खाली घालून जेवत राहिलो. शेवटी तू घर सोडलंस, तेव्हा तुझी बॅग मीच खाली आणून दिली.

तू विचारलं नाहीस, म्हणून मी सांगितलं नाही. तो नियम मैदानावरचा होता रे.

काल बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला काय सांगतोस? ज्याला आउट दिलंस त्याला सांग." तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत.

अंपायर मैदानाबाहेर पडला की निर्णय बदलत नाही. माफी मागायला मला तोंड नाही. पण तुझ्याकडे हे माझ्या अक्षरात असावं: तुझा हात आधी लागला होता. मी पाहिलं होतं.

दादा म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी

तुझा दादा