कालव्यावरचा अर्ज

रामनाथकाका,

सकाळी ओट्यावर बसून तुम्ही म्हणालात, "पोरी, तू शिकलेली हायस. कालवा बंद करनाऱ्याच्या इरुद्ध असा अर्ज लिव, की साहेब उठून उभा ऱ्हायला पायजे." मी हसले.

काका, कालवा बंद झाला तो माझ्याच अर्जामुळे.

कालव्याकाठचं मिठागर बंद पडल्यापासून तिथे तिवरं दाट वाढली आहेत, बांधात खंड्या घरटी करतो. पलीकडच्या इमारतींचा भराव तिथवर येऊ नये, एवढंच मला हवं होतं. म्हणून वनखात्याला फोटो जोडून लिहिलं, 'येथे माणसांचा वावर नाही.' फोटो मी जुलैत काढले. नारळी पुनवेपर्यंत तुम्ही होडी घरामागे ओढून ठेवता, कालव्यात जाळं टाकत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. साहेब पाहणीला आले तेही त्याच दिवसांत. पुनवेनंतर इथे तुमची होडी फिरते, हे मी त्यांना सांगितलं नाही. वाटलं, तुमचं नंतर बघता येईल.

आता भराव थांबला आहे, आणि कालव्याच्या तोंडाशी कुलूपबंद फाटक आहे. पुनव होऊन महिना झाला तरी होडी उपडीच. काकी टोमणा मारते, "कोल्याच्या घरी इकतचा म्हावरा!"

हे पत्र पेटीत टाकायचं धाडस होत नाही. पोस्टमनने दिलं की तुम्ही ते वाचून घ्यायला माझ्याकडेच आणाल, आणि मी दुसरंच काहीतरी वाचून दाखवेन.

तुमची पुतणी,
रीमा