आधी ठरलेली विहीर

आबा, तिथे पाणी नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, तरी नारळ फोडायला गेलातच का? सरपंचांनी विहिरीची जागा आधीच ठरवलेली, स्वतःच्या शेताच्या कडेला. तुम्ही पाणाडे, गावोगाव पाणी दाखवत हिंडलेले. सकाळपासून तळहातावर नारळ धरून ते सगळं रान फिरलात, पाणी असलं की तो हातावर उभा राहतो म्हणायचात, तो कुठेच उभा राहिला नाही, आणि तसं तोंडावर सांगितलंतही. सरपंच हसतात, "अहो पाणाडे, पाणी कुठंय ते विचारलंय कोणी? लोकांसमोर नारळ फोडा, बाकी आम्ही बघतो." आणि तुम्ही फोडता. विहीर कोरडी गेली. सरपंच पुन्हा निवडून आले, आणि मला शाळेत पोरी म्हणायला लागल्या, "कोरड्याची पोर आली." त्याच वर्षी माझी शाळा सुटली. कोणी विचारलंही नाही का म्हणून.

आता तुमची नात वॉशिंग्टनला आहे. देशाच्या प्रमुखाला महागाई, कर, नोकऱ्या यांवर सल्ला देणारे तज्ज्ञ असतात, त्यांच्यात. मी इथे, त्याच देशात, पिस्कॅटवे गावात कॉलेजच्या पोरांचे डबे करते. काल पोळ्या लाटतेय तर तिचा फोन. बाहेरून येणाऱ्या मालावर कर वाढवायचाय म्हणे. भाव चढतील, असं हिने लिहून दिलं.

"आई, डिसिजन आधीच झालंय. आता आम्ही फक्त रीझन्स द्यायची, आणि प्रेससमोर मागे उभं राहायचं."

"मग तुम्हाला विचारतात कशाला?"

"एक्सपर्ट्सना विचारलं असं म्हणता यावं म्हणून. रिझाइन करू का गं?"

"पोळी करपतेय, ठेव," म्हटलं. करपत नव्हती.

तिचं म्हणणं, आत राहिलं तर पुढच्या वेळी थोडं तरी ऐकतील. बाहेर पडलं तर त्या खुर्चीत नुसती मान डोलावणारा येईल. तुम्हीही असंच काही धरून चालला होतात का? आईला सांगितलं नाहीत, मला तर नाहीच. मी दमलेय आबा, शहाण्या माणसांना असं उभं केलेलं बघून. पण खरं सांगू? मला ती तिथेच राहायला हवीय. डबा न्यायला येणारी पोरं "काकू, तुमची मुलगी टीव्हीवर कधी दिसणार?" विचारतात, ते मला फार आवडतं. म्हणून मी तिला काय सांगेन, याचा मलाच भरवसा नाही. तुम्ही आता नाही, हा कागद कुठे जाणार नाही, तेवढं कळतं मला. तरी शुक्रवारी तिचा फोन येणार आहे. तुम्ही नारळ फोडायला भिऊन गेलात की विचार करून, ते मला गुरुवारपर्यंत सांगा.