दोन टाळू

११ जानेवारी

हो म्हणून आले. अभ्यासात आता माझंही नाव.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं एकदा लिहून डोक्यात नीट लावून घेते. गेल्या वर्षी गाठीपायी माझा वरचा जबडा डावीकडून काढला, त्याबरोबर अर्धी टाळूही गेली. तोंड आणि नाक यांच्यामधली भिंतच गेली म्हणा ना! ते भगदाड बुजवायला कवळीसारखी एक प्लेट लागते. आजवर ती लॅबमध्ये हाताने करायचे — मेण, प्लास्टर, घासकाम. आता मशीन आलं आहे. तोंडात कॅमेऱ्याची कांडी फिरवायची की मशीन प्लेट छापून देतं. दोन्हींतली बरी कुठली, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. म्हणून हा अभ्यास. प्रत्येकाला दोन्ही मिळणार, काही आठवडे एक, मग काही आठवडे दुसरी. रंग एकच, घाट एकच. हाताची कुठली आणि मशीनची कुठली, हे आम्हाला सांगणार नाहीत, डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नसणार. शेवटी एकच प्रश्न — कुठली ठेवता? ती आपली.

गंमत पुढेच आहे. या इस्पितळात हाताने प्लेट करणारा कारागीर एकच, आणि तो माझा नवरा.

डॉक्टरीणबाई जरा घुटमळल्या. मग यांना बोलावून म्हणाल्या, निकाल लागेपर्यंत घरी एक अक्षर काढायचं नाही. हे म्हणाले, 'नाही काढणार.' झालं! या माणसाने एकदा शब्द दिला की तोंडाला कुलूप. लग्न ठरलं तेव्हा सिगारेट सोडतो म्हणाले होते, त्यानंतर कोणी ओढताना दिसलं तरी रस्ता ओलांडतात.

१३ जानेवारी

ऑफिसात आजही मागच्या खोलीत. माझं काम पाणीपुरवठ्याच्या तक्रारींच्या फोनवरचं. 'नमस्कार, पाणीपुरवठा, बोला' एवढं मी म्हटलं की तावातावाने फोन करणारा निम्मा थंड व्हायचा, असं साहेब सगळ्यांना सांगायचे. आता 'पाणी' म्हणायला जावं तर हवा नाकातून निसटते. 'माणी' ऐकू येतं. तात्पुरती प्लेट आहे, पण ती नावालाच.

म्हणून मला कॉम्प्युटरवर तक्रारी चढवायला बसवलं आहे. साहेब वाईट नाहीत. 'बरं वाटलं की या परत पुढे,' म्हणाले. मला बरं वाटतंय हो! बोलता येत नाही एवढंच. पण हे त्यांना सांगायला तरी बोलावं लागतंच.

१९ जानेवारी

बाहेरच्या खोलीतल्या फळीवरचा साचा दिसत नाही. धुळीत त्याच्या बुडाचा आकार तेवढा राहिला आहे.

लग्न झालं तेव्हा हे काम शिकत होते. हात बसावा म्हणून माझ्या तोंडात गुलाबी लगदा भरून घड्याळाकडे बघत बसायचे, आणि मी डोळे मोठे करून. त्यातला हा पहिला नीट उतरलेला साचा. प्लास्टरचे दात, प्लास्टरची टाळू, टाळूवरच्या सुरकुत्यासुद्धा. मैत्रिणी विचारायच्या, नवऱ्याने काय दिलं? मी सांगायचे, दात दिले! लेक लहान असताना त्याला 'पांढरी आई' म्हणायची आणि शाळेत जाताना टाटा करायची.

माझा तो पूर्वीचा जबडा यांना आता बघवत नसेल, म्हणून उचलला असणार. मलाही बघवत नव्हता. पण विचारलं असतं तर राहू द्या म्हटलं असतं मी.

२ फेब्रुवारी

पहिली मिळाली. पांढऱ्या डबीत.

बसवली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहीतरी बोला. मी म्हणाले, 'पाणी.'

पाणी! नीट, पूर्वीसारखं. त्यांनी पेला पुढे केला, त्यांना वाटलं तहान लागली. मी रडायला लागले तेव्हा त्यांना कळलं.

घरी आले. यांनी दार उघडलं. मी चपलाही काढल्या नाहीत. म्हटलं, 'जरा पाणी देता?' हे आत गेले ते किती वेळ बाहेरच येईनात. बघते तर ओट्यापाशी भरलेला पेला धरून उभे, पाठ माझ्याकडे. मी पेला हातातून घेतला. पाणी प्यायले. एक थेंबसुद्धा नाकात गेला नाही.

५ फेब्रुवारी

इतकी हलकी की तोंडात आहे हे विसरायला होतं. जीभ वर लावली तर टाळूवर सुरकुत्या! मशीनला बरं सुचलं. एवढं नेमकं काम माणसाच्या हातून होणं नाही. ही मशीनचीच.

आणि यांचं मला भरून येतं. मला समोर बसवून पेपर मोठ्याने वाचायला लावतात — बातम्या संपल्या की जाहिराती, त्या संपल्या की हवामान. ऐकताना मान डोलावतात. नर्स मागे सांगत होती, अभ्यासात मशीन सरस ठरलं तर हातकामाचं टेबल बंद करायचं ठरलंय. हे ठाऊक असूनही माझं बोलणं ऐकून असे खूश! आपल्या पोटावर पाय देणाऱ्याचं कौतुक करायला मोठं मन लागतं. ते यांच्याकडे आहे, हे मला आज नव्याने कळलं.

१२ फेब्रुवारी

साहेबांनी तासभर फोनवर बसू दिलं. पहिल्याच फोनवर एक बाई कडाडल्या — नळाला चार दिवस थेंब नाही, तिथे कोणी माणूस बसलंय की नुसत्या खुर्च्या मांडल्यात? त्यांना माझा शब्द न् शब्द कळत होता म्हणून तर त्या भांडत होत्या! बोलणी खाऊन इतका आनंद जन्मात झाला नव्हता.

संध्याकाळी लेकीचा फोन. मी 'बोल बाळा' म्हटलं. ती म्हणाली, 'आई, परत एकदा म्हण.' चारदा म्हणायला लावलं. लग्न करून लांब गेलेली पोरगी, तिकडे रडतेय हे कळत होतं.

२३ फेब्रुवारी

पहिली परत दिली, दुसरी घेतली, निळ्या डबीतली. पहिली आणि दुसरी! कोणी ऐकलं तर वाटेल सवतींबद्दल लिहितेय.

ही जड आहे. कड एका बाजूला जाडसर. 'पाणी' पुन्हा गेलं.

२६ फेब्रुवारी

जेवताना आमटी नाकातून आली. यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

१ मार्च

आता शंकाच नको. ही दुसरी यांची.

घरातलं यांचं कुठलं काम आजवर सरळ झालंय? बाहेरची फळी यांनी ठोकली, तिच्यावर चेंडू ठेवला तर स्वतःहून खाली उतरतो. स्टुलाच्या पायाखाली कायम कागदाची घडी. चिडवून चिडवून मी दमले. त्यांच्या हातात कष्ट आहेत, माया आहे, पण सफाई म्हणाल तर — असो. आणि डोळेही आता पूर्वीचे राहिले नाहीत.

वाईट याचं वाटतं की त्यांना दिसतंय. पहिलीच्या वेळी घरभर बोलत होते, आता नजर देत नाहीत. पेपर घडी करून ठेवून देतात, वाच म्हणत नाहीत. काल मी लेकीशी फोनवर बोलत होते, ती म्हणाली, 'आई, व्हिडिओवर ये, ओठ बघून कळतं मला.' हे उठून गॅलरीत गेले. आपल्या हातची प्लेट बायकोच्या तोंडात गळतेय, हे उघड्या डोळ्यांनी बघायचं आणि बोलायचं नाही. काय होत असेल त्यांचं!

६ मार्च

तपासणीला मफलरवाले काका भेटले. आमच्याच अभ्यासातले. अर्धा चेहरा कायम मफलरीत. ते म्हणाले, उत्तर देताना खरं तेच सांगायचं, कोणाची भीडभाड ठेवायची नाही. 'आपलं काय, आपण भोगून बसलोय. आपल्या उत्तरावर पुढच्यांना काय मिळणार ते ठरतं. आपण खोटं बोललो तर त्यांचं पाणी नाकातून यायचं.'

मी मान हलवली. घरी येईपर्यंत तेच डोक्यात. मोजून थोडी माणसं आहोत आम्ही. एकेकाच्या उत्तराला वजन आहे.

१४ मार्च

उद्या सांगायचं आहे.

पहिली म्हटलं तर फोन परत मिळतो, लेक परत मिळते, आमटी पोटात जाते. आणि यांचं टेबल जातं. रिटायर व्हायला अजून वेळ आहे. मशीनवर बसवतील म्हणे, बटणं दाबायला. मेणाचा वास नसलेले हे मला डोळ्यांपुढे आणता येत नाहीत. माझ्या आजारपणात वर्षभर माझं सगळं केलं, ते सोडाच. मुळात तो त्यांचा प्राण आहे. आणि तो काढून घ्यायला मी बोट वर करायचं? मी?

मफलरवाले काका, मला माफ करा.

१५ मार्च

दुसरी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं. 'नक्की? तुमच्या बोलण्याच्या चाचण्या तर...' नक्की, म्हटलं. मग त्यांनी काही विचारलं नाही, तसा नियमच असावा. पहिलीचं काय करणार, मी विचारलं. म्हणाल्या, कापून आतली जाडी मोजतात. डबी त्यांच्या टेबलावरच होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

घरी यांनी विचारलं, 'ठेवलीस कुठली?' एवढं विचारायला आता हरकत नव्हती. मी निळी डबी दाखवली. 'दुसरी,' हे म्हणाले. मग 'बरं' म्हणाले आणि हात धुवायला गेले. किती वेळ नळ चालू! पाणीपुरवठ्याच्या बाईच्या घरात! आनंद लपवत असतील. मी इकडे सोफ्यावर बसून मनाशी हसले, आणि मग थोडी रडले.

८ एप्रिल

फोनवर नवी मुलगी घेतली. आवाज गोड आहे. 'पाणीपुरवठा' छान म्हणते.

२१ एप्रिल

आज फार जड गेलं. दुकानात तीनदा सांगूनही दुकानदाराला कळेना, शेवटी बोटाने दाखवून साबण घेतला. मागच्या माणसाने माझी दया येऊन रांगेत मला पुढे केलं. मला पुढे जायचं नव्हतं, साबण मागायचा होता.

पश्चात्ताप होतो का? होतो. खोटं कशाला लिहू इथे? पण मग जीभ वर नेते, त्या जाडसर कडेवरून फिरवते. यांनी मेण कातरलं असेल, जवळ धरून बघितलं असेल, चष्मा कपाळावर चढवला असेल. इतकी माझ्या जवळ यांच्या हातची वस्तू आजवर कुठली होती? गळते तर गळू दे. यांची आहे.

२० मे

निकाल लागला. मशीन सरस, पण अगदी थोडक्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही बरोबरीच्या ठरल्या असत्या तरी हातकाम ठेवणार होते, आता नाही.

म्हणजे माझं उत्तर पुरलं नाही. मी एकटी ओढून ओढून किती ओढणार?

२ जून

यांनी टेबल आवरलं. एका खोक्यात सगळं घरी — सुऱ्या, ब्रश, मेणाच्या पट्ट्या, घासायची छोटी मोटर. खोक्याच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझा साचा. पांढरी आई! पुसून फळीवर होता तिथे ठेवला. इतके दिवस लॅबमध्ये कशाला नेला होता कोण जाणे. त्यांचा चेहरा बघून मी विचारलं नाही.

यांना धीर द्यावा म्हणून म्हटलं, चला, निदान मी तरी तुमची गिऱ्हाईक कायमची. त्यांना कळलं नाही. माझं बोलणं हल्ली त्यांनाही नीट कळत नाही.

९ जून

प्लेटची कड दोन दिवस हिरडीला टोचत होती. यांच्यापुढे बसले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, आता निकालही लागला, कुलूप काढा. मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुमची म्हणून तर ठेवली. तुम्हीच केलीत, तुम्हीच घासून द्या.

तोंडातून काढून दिली, ती त्यांनी तळहातावर घेतली. उलटी केली. माझ्याकडे बघितलं.

'ही माझी नाही गं,' म्हणाले. 'माझी पहिली होती. आतून पोकळ केली होती, हलकी व्हावी म्हणून. सुरकुत्या साच्यावरून घेतल्या होत्या. दारात तू पाणी मागितलंस, तेव्हाच कळलं होतं मला.'

मग खोक्यातून मोटर काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि कड घासली. धुतली, पुसली, माझ्या हातात दिली.

आता टोचत नाही.