तुह्या अब्बाले मी मारलं

सलीम गड्या,

तुले जाऊन आठ महिने झाले अन् मी आता पत्र लिहून राहिलो. काहून आता? तं काल नागपूरच्या एका पोरीचा फोन आला. ती आपल्या बँडचा इतिहास लिहून राहिली. बोंडअळीचा इतिहास! हसू नको. वऱ्हाडात पंक रॉक वाजवणारे आपणच पहिले अन् आपणच शेवटचे, असं तिचं म्हणणं. शेवटी तिनं विचारलं, "सर, तुमचा ड्रमर सलीम, त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली होती ना? त्यावर थोडं सांगाल?"

मी परवा बोलतो म्हटलं अन् फोन ठेवला.

मूर्तिजापूरच्या रस्त्यावरचं ते बंद पडलेलं कापसाचं जिनिंग आठवते? तू अकोल्याहून यायचा, मी अन् बाळ्या अमरावतीहून, अन् मधात भेटाचं. चौकीदाराच्या पोरीच्या लग्नात तुह्या अब्बाच्या बँडपार्टीनं वाजवलं होतं, म्हणून तो आपल्याले दुपारचं कुलूप उघडून द्यायचा. तुह्यापाशी ड्रमसेट तरी कोठी होता? अब्बाचा मोठा ढोल आडवा ठेवून तू पायानं ठोकायचा, अन् झांजा कूलरच्या स्टँडले बांधल्या होत्या. गिटारवर माहे तीन सूर अन् बोंबलणं. बाळ्याचा बेस तं त्याले स्वतःलेही ऐकू येत नव्हता. पण तू लग्नातला ठेका असा दामटायचा का वरात पळत सुटली असती. कोण्या कंपनीची वाट नाही पाह्यली आपण. सीड्या बाळ्याच्या कंप्युटरवर भरल्या अन् कव्हर झेरॉक्सचं लावलं.

अन् राग किती होता आपल्याले! ते दिवसच तसे होते. गावोगावी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरासमोर पुढारी-पेपरवाल्याईच्या पांढऱ्या गाड्या थांबायच्या, बाईले दारात उभी करून फोटो काढायच्या अन् धुरळा उडवत जायच्या. आपलं सगळ्यात जोराचं गाणं त्याच गाड्यांवर होतं. "पाह्यलं का? झालं का? निघा आता!" ते मीच लिहिलं होतं. म्हणूनच तं जास्त लाज वाटते.

पुण्यातली स्पर्धा. बाकीचे बँड इंग्रजीत गाणारे, गिटारी चकाचक. मंडपामागं एक पत्रकार आला, माह्याशी दोन शब्द बोल्ला अन् वही मिटून निघाला. तू अन् बाळ्या चहा आणाले गेले होते. मले वाटलं, हा गेला तं आपल्याले कोणी इचारणार नाही. मी म्हटलं, आमी अमरावती-अकोल्याचे. तो थांबला. "म्हणजे आत्महत्यांचा भाग? तुमच्यापैकी कोणाच्या घरी झालंय का?"

सलीम, मी म्हटलं, हो. आमच्या ड्रमवाल्याच्या बापानं.

माहा बाप नांदगाव खंडेश्वरले धडधाकट शेती करत होता. त्याच्यावर असं बोलाची माही जीभ नाही रेटली. तुह्या अब्बावर रेटली. अन् त्यांच्यापाशी तं वावरही नव्हतं, जन्मभर त्यांनी लग्नात ढोल वाजवला. पत्रकारानं वही पुन्हा उघडली. तू चहा घेऊन आला तवा त्यानं तुह्या खांद्यावर हात ठेवला, अन् तू त्याले चहा दिला.

बातमी अकोल्याले पोचली. परतवाड्याहून तुही खाला जीपमध्ये रडत आली. अब्बा उंबऱ्यात दाढी करत बसले होते! अर्ध्या तोंडाले साबण. खालानं त्यांले अशा शिव्या घातल्या का गल्ली गोळा झाली. हे तूच मले हसत सांगतलं. मंग हसू थांबवून इचारलं, "मन्या, त्यानं असं काहून छापलं असन बे?"

मी म्हटलं, पुण्याचे लोक. त्याईले वऱ्हाडचा माणूस दिसला का मयतच दिसते.

तू मान डोलावली. तू गल्लीत सगळ्याले तेच सांगत फिरला, कोणी माहं नाव घेतलं तं माह्यासाठी भांडला. मी तुह्या बाजूले उभा राहून ऐकत होतो.

त्या बातमीनंच आपल्याले मुंबई-बंगलोरची बोलावणी आली, हे तुले समजलं होतं का? कार्यक्रम झाल्यावर लोक तुहे हात धरायचे. तू म्हणायचा, "मेरे अब्बा जिंदा हैं." अन् त्याईचे डोळे भरून यायचे. त्याईले वाटे, मनात जिते आहेत म्हणते बिचारा. तीन वर्षं तू हे सांगत राह्यला. एकदा तं माह्याकडं पाहून म्हटलं, "तू तरी सांग ना यांले." मी गिटारची तार पिळत बसलो. एक वाक्य होतं रे. तेवढंही माह्यानं झालं नाही.

मंग बाळ्याले नोकरी लागली, मी मास्तर झालो, तू अब्बाची बँडपार्टी हातात घेतली. भांडण नाही, काही नाही, बँड आपोआप सरला. दरवेळी भेटलो का वाटे, आज सांगू. तू एवढा मनमोकळा काहून होता? एकदा संशय घेतला असता, कॉलर धरली असती, तं मी लगेच बोल्लो असतो. पाह्य, अजूनही तुह्यावरच ढकलून राहिलो.

तुह्या मयतीले मी आलो होतो. खांदा दिला, पण अब्बाच्या समोर गेलो नाही.

आज सकाळी गेलो. ते खाटेवर बसले होते, आता कमी ऐकू येते त्याईले. म्हणून मले सगळं जोरानं सांगा लागलं. "अब्बा, तुमी मेले असं मीच सांगतलं होतं!" शेजारची बाई दारातून पाहाले लागली. पुन्हा सांगा लागलं.

ते म्हणाले, "मले तवाच माहीत होतं. मी त्या पेपरवाल्याले फोन लावला होता. त्यानं तुहं नाव सांगतलं."

"मंग सलीमले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं त्यानं तुमचा बँड सोडला असता. लग्नात तो हुकूम दिल्यावर वाजवे. तुमच्यात कसा वाजवे ते पाह्यलं होतं मी, जिनिंगच्या फटीतून." मंग म्हणाले, "म्हणून तीन वर्षं मेलेला राह्यलो. आता तं पोरगाच नाही. आता मले जिता लिही."

उद्या त्या पोरीले फोन करतो. तुह्या नावाच्या आधी त्यांचं नाव देतो, ते जिते आहेत असं सांगून, अन् खोटं कोण बोल्लं तेही, माह्या नावानिशी. त्यानं बँडचं नाव खराब झालं तं होऊ दे. अन् छापून आलं का अकोल्याले जाऊन अब्बाले वाचून दाखवतो, जोरानं, सगळ्या गल्लीले ऐकू जाईन असं.

तुहा,
मन्या