डाव्या बाजूचा तबला

६ ऑक्टो., सोमवार
सकाळी दहाला रेकॉर्ड लावली. डावा स्पीकर गप्प. उजवीकडून गाणं नीट येतंय, डावीकडून काही नाही. या रेकॉर्डवर तबला सगळा डावीकडे आहे. म्हणजे तबला गेला.

यांनी सुई टेकेपर्यंत बघितलं. डाव्या हाताने उजवा उचलून खुर्चीच्या हातावर ठेवला, रोजच्यासारखा. मग वाट पाहिली. बाजू संपली. बोटं हलली नाहीत.

मेमध्ये झटका आला तेव्हापासून उजवा हात आणि बोलणं, दोन्ही गेलं. ऑगस्टपासून या एकाच रेकॉर्डवर यांची बोटं हलायला लागली होती, तबल्याबरोबर. व्यायामाने नाही, औषधाने नाही, फक्त याने. मुग्धाने पुण्याहून मोबाइलवर नाही नाही ते तबले पाठवले. यांनी तोंड फिरवलं. लेकीने पाठवलेलं म्हणूनही नाही ऐकलं.

वायर सैल झाली असणार. उद्या बघते.

७ ऑक्टो.
दोन्ही स्पीकरच्या वायरी आपसांत बदलल्या. आता उजवा गप्प, डावा गातोय. म्हणजे स्पीकर ठीक. वायरी जागच्या जागी. मग टर्नटेबलच्या दोन पिना अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे उलटसुलट केल्या. गप्प बसायची पाळी पुन्हा उजव्यावर. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर पण ठीक. दोष टर्नटेबलमध्येच.

बी.एस्सी.ला प्रॅक्टिकलमध्ये हेच शिकवलं होतं, एकेक वगळत जायचं. बरं वाटत होतं वगळताना. शेवटी जे उरलं ते उघडायची भीती वाटते.

लग्नाच्या आधीपासूनचं यांचं यंत्र. मला धूळ पुसायचीसुद्धा परवानगी नव्हती. आता मी ते भिंतीपासून ओढून मागून उपसते आहे आणि हे समोर बसून बघतात. रागावलेत का, कळत नाही. रागावले असतील तर बरंच की.

८ ऑक्टो.
कारण सापडलं. (वाटतंय तरी.) सुईचं डोकं फिरवून दांडीपासून सोडवलं, तर सांध्यात लाल-पिवळा चिखल वाळलेला. हळदकुंकू.

हे दर दसऱ्याला तबल्याची आणि या यंत्राची पूजा करायचे. यंदा मी संगीताला सांगितलं, तू कर. (देवळ्याकडची. दिवसभर यांच्याजवळ असते.) आज विचारलं, "कुंकू कुठे लावलंस?"
"कपाळाला."
"यंत्राला कपाळ असतं?"
"मग पायाला लावू का, बाई? पुढं वाकून टेकतंय ते डोकंच हाय ना. साहेबांनी मान पण हलवली."
"ते झाकणाला लावायचे. बाहेरून. एक बोट."
"मला काय ठाऊक. मी चांगलं ओलं करून लावलं, टिकावं म्हणून."

मग मी जास्त बोलले. आवाज शाळेतला लागला, नववीच्या वर्गावर लागायचा तसा. ती चादरी धुवायला गेली. यांनी डोळे मिटून घेतले.

स्पिरिट आणि कापसाची काडी घेऊन सांधा पुसला. चारही टोकं चकचकीत. लावून पाहिलं.
डावा गप्प.

९ ऑक्टो.
संगीता आली नाही. फोन उचलत नाही.

यांना एकटीने उठवताना तोल गेला, दोघंही पलंगावर बसलो. काही लागलं नाही. तसेच बसून राहिलो. समोर भिंतीवर कॅलेंडर, त्यावर दूधवाल्याच्या खाड्यांच्या खुणा. घरात बघण्यासारखं तेवढंच होतं.

फिजिओच्या बाई येऊन गेल्या. उजवी बोटं एकेक उचलून सोडली. पडली. "मागच्या आठवड्यापर्यंत छान चाललं होतं हो. खंड पडू देऊ नका, हात विसरतो." मी म्हटलं, टर्नटेबल बिघडलंय. त्यांना वाटलं मी विषय बदलते आहे.

रेकॉर्ड लावली नाही.

१० ऑक्टो.
संगीता आली. "काल ताप होता." कपाळाला हात लावून पाहावासा वाटला. नाही लावला.

शेवटची चाचणी. सुईच्या डोक्यात चार तारा असतात, शिवणाच्या दोऱ्यापेक्षा बारीक. पांढरी-निळी डाव्या बाजूची, लाल-हिरवी उजव्या. भुवयांच्या चिमट्याने जोड्या बदलल्या. सुईमध्ये दोष असेल तर डावा बोलेल, उजवा गप्प होईल. पुढे दांडीत असेल तर डावा तसाच मुका. चष्म्यावर भिंग धरून तासभर गेला. मान गेली.

सुई टेकवली. डावा मुकाच. पण उजवीकडून गाण्याऐवजी तबला आला. नुसता तबला.

म्हणजे दांडीच्या आत तार तुटली आहे. एकच वाट शिल्लक आहे, तिच्यावरून एका वेळी एकच जाणार. गाणं किंवा तबला.

मला फार आनंद झाला, खोटं कशाला लिहू. बोटांना तबलाच हवा होता. यांनी मान वळवली, नीट कान दिला. कितीतरी वेळ. मग माझ्याकडे बघितलं. बोटं होती तशीच.

संगीताला सांगितलं, "तुझ्या कुंकवाने नाही बिघडलं. तार तुटली आहे आत."
"मला ठाऊक होतं. देवाच्या कामानं बिघडत नाय काही."
"मग काल?"
"काल ताप होता."
चहा मी केला. तिने साखर कमी आहे म्हणून सांगितलं.

११ ऑक्टो., शनिवार
यंत्र रिक्षात घालून रविवार कारंजाजवळच्या रिपेअरवाल्याकडे. मांडीवर, तान्ह्या मुलासारखं. त्याने विचारण्याआधीच मी सगळं सांगितलं: स्पीकर नाही, अ‍ॅम्प्लिफायर नाही, सुई नाही, दांडीतली तार.
"मॅडम, सगळं तुम्हीच शोधलं, मग मला कशाला आणलं?"
"दुरुस्त करायला."
"ते नाही होणार." दांडीत डोकावून म्हणाला, "आता एक तार गेलीय. ओढायला गेलो तर चारही हातात येतील. करू म्हणत असाल तर करतो. गॅरंटी नाही. तुमच्या जबाबदारीवर."

नको म्हटलं. आजवर कुणाला "बघू, प्रयत्न करा" म्हणायला मी कचरले नव्हते. परत रिक्षा. गंगापूर रोडला खड्ड्यांत दोन्ही हातांनी धरून बसले.

१३ ऑक्टो.
मुग्धाचा फोन. "आई, नवीन मागवते ना. किती दिवस त्या जुन्याला धरून बसणार?"
"मागव."
तिला मी वाद घालीन असं वाटलं होतं. मग म्हणाली, दिवाळीची गर्दी आहे, नंतरच येईल. बाबा कसे आहेत विचारलं. जेवले, म्हटलं.

रोज दहाला तबला लावते. हे ऐकतात. गाण्याची जोडी परत लावून एकदा गाणंही ऐकवलं. तेही ऐकतात. बोटं दोन्हीला नाहीत.

आज भाजी निवडताना लक्षात आलं. तबलजी म्हणून कुणी ओळख करून दिली की हे दुरुस्त करायचे, "मी वाजवत नाही, साथ करतो." नुसत्या तबल्याला कोण साथ करणार? वाजवणारा तिथे आहेच, गाणारा नाही. आणि नुसतं गाणं असतं तेव्हा यांना एकट्याने पुढे व्हावं लागतं. तेवढं बळ त्या बोटांत अजून नाही.
हे माझं अनुमान. तपासायची सोय नाही.

१५ ऑक्टो.
संगीता म्हणाली, "तबला इथं हाय. गाणं तुम्ही म्हणा की, बाई. रोज तर ऐकता."
"मला येत नाही."
"साहेबांना तरी कुठं काय येतंय आता."

तिला यांच्यासमोर असं बोलू नकोस म्हणून सांगायला हवं होतं. पण हे हसल्यासारखे दिसले. तोंडाची एकच बाजू हसते, त्यामुळे खात्री देता येत नाही.

खिडकी लावली. शेजारी सगळे ओळखतात मला. तबला सुरू केला, यांच्यासमोर स्टूल घेतलं आणि मुखडा म्हटला. लग्नानंतर पहिल्या वर्षी यांनी मला बसवून ताल शिकवायचा प्रयत्न केला होता, आठवड्याने म्हणाले, "तुझ्याकडे लय नाही, वेळापत्रक आहे." ते खरंच आहे. सूर खाली घसरला. सम निघून गेल्यावर मी पोचले. यांच्या कपाळावर आठी. ही आठी मेपासून पाहिली नव्हती.

पुन्हा म्हटला. या वेळी आधी पोचले. हे "अं" म्हणाले, चांगल्या अर्थाने नाही.

तिसऱ्यांदा मी डोळे यांच्या हातावर ठेवले आणि मनात मात्रा मोजत म्हणत गेले. सम जवळ आली तेव्हा मधलं बोट खुर्चीच्या हातावरून उचललं गेलं. तेवढ्यात मला पुढचे शब्द आठवेनात. मी छताकडे बघून ते आठवायला लागले. मिळाले, म्हटले, खाली बघितलं, तोवर हात जसाच्या तसा.

संगीता म्हणते, बोट पडलं, बरोबर वाजलं. पण ती यांनी घास नीट गिळला तरी असंच सांगते. यांना विचारलं, "वाजवलंत का?"
यांनी माझ्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने यंत्राच्या दांडीकडे खूण केली. बाजू संपून सुई शेवटच्या खाचेत फिरत होती, मी उचलायची विसरले होते.